रँकची स्पर्धा आणि पातळीची स्पर्धा: दोन्ही एकच नाहीत

स्पर्धा चांगली की वाईट यावर आपल्या इंदूरला वाद निघाला की एक जण म्हणतो स्पर्धेमुळेच आपलं शहर एवढं स्वच्छ झालं आणि दुसरा म्हणतो जरा भंवरकुआंला जाऊन कोचिंगमधून सुटलेल्या पोरांचे चेहरे बघा. मला दोघांचंही पटतं, कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलताहेत.

एक असते रँकची स्पर्धा. यात तुम्ही वर गेलात की कोणीतरी खाली जाणारच. दुसरी पातळीची, म्हणजे आधीच एक रेघ ठरलेली, जो गाठेल तो पास, मग दहा जण गाठोत नाहीतर हजार.

गंमत म्हणजे आपल्या स्वच्छतेच्या बाबतीत दोन्ही आहेत आणि लोक सर्रास गल्लत करतात. स्वच्छ सर्वेक्षण, म्हणजे केंद्र सरकार दरवर्षी शहरांच्या स्वच्छतेचे नंबर लावतं ते, ही रँक. २०१६ ला इंदूर २५वं होतं, २०१७ ला एकदम पहिलं आलं आणि मग येतच राहिलं. पण सुरतचं बघा ना, २०२०, २०२१, २०२२ तिन्ही वेळा दुसरं! एवढं काम करून दुसरं, कारण वर इंदूर बसलेलं, मग २०२३ ला दोघांना मिळून पहिला नंबर दिला. शेवटी २०२४-२५ ला सारखी वर राहणाऱ्या शहरांसाठी सुपर स्वच्छ लीग वेगळीच काढावी लागली, म्हणजे बाकीच्यांना जागा मिळेल.

कचरामुक्त शहराचं स्टार रेटिंग मात्र पातळीचं. २०२२ ला इंदूरला सात स्टार मिळाले, पण त्याने सुरतचा किंवा भोपाळचा एकही स्टार कमी होत नाही. उलट इथे ओला-सुका कचरा वेगळा कसा करतात हे बघायला बाहेरचे अधिकारी आले तर नगर निगमने सगळं मोकळेपणाने दाखवावं, त्यात आपलं काही जात नाही. माझ्या मते समाजाचं भलं होतं ते इथे.

आता डॉक्टरकीच्या प्रवेशाची नीट परीक्षा घ्या. २०२४ ला २३ लाखांच्या वर मुलं बसली आणि एमबीबीएसच्या जागा साधारण १ लाख १० हजार. इथे रँक लागणारच, जागाच तेवढ्या, त्याला इलाज नाही (जागा वाढवणं हाच खरा इलाज, पण ते वेगळं). पण जिथे जागांचा प्रश्नच नाही तिथेही आपण हौसेने रँक लावतो याचा मला मनापासून राग येतो. दहावीचे मार्क, पोहणं, तबला, सगळीकडे "पण पहिलं कोण आलं?" सीबीएसईने मेरिट लिस्ट काढणं बंद केलं, आपण घरी काढतोच. अशाने मुलं एकमेकांना नोट्स द्यायची बंद होतात, कारण मित्र पुढे गेला की आपण मागे हे त्यांना आपणच शिकवलेलं असतं.

पातळीची स्पर्धा अगदी निर्दोष असंही नाही हां. जे मोजलं तेवढंच सुधारतं, हे दोन्हीकडे खरं. २०२१ ला इंदूर देशातलं पहिलं वॉटर प्लस शहर झालं, पण ते सर्टिफिकेट सांडपाण्याच्या व्यवस्थेचं, नळाच्या पाण्याचं नव्हे. आणि २०२५ च्या डिसेंबरात इंदूरच्याच भागीरथपुऱ्यात नळाच्या दूषित पाण्याने माणसं गेली. पहिल्या नंबरच्या शहरात! तेव्हा पातळी ठरवताना त्यात काय काय धरलंय हे विचारायलाच हवं, आणि ते विचारणं आपलंच काम आहे.

या गणपतीत आपल्या मंडळांनी पाठांतराला एवढं तरी करून बघावं, पहिला-दुसरा-तिसरा काढायच्या ऐवजी जो न अडखळता पूर्ण म्हणेल त्या प्रत्येक मुलाला बक्षीस, मग मोठी मुलं लहानांना शिकवायला बसतात की नाही ते बघूया.