माउंटन बाइकची निवड (सोलापूर परिसर)

माउंटन बाइक म्हणजे कच्च्या, खडकाळ व चढउताराच्या वाटांसाठी बनवलेली गिअरची सायकल. रुंद व खोल नक्षीचे टायर, सरळ हँडल, भक्कम सांगाडा, चढासाठी हलके गिअर आणि बहुधा पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्यात बसवलेला, धक्के शोषणारा शॉकअप ही तिची ठळक लक्षणे होत. नावात डोंगर असला, तरी सोलापूरसारख्या पठारी मुलखात ती मुख्यतः माळरान, पाणंदी, मुरमाचे रस्ते आणि कालव्याकाठच्या वाटा यांवर चालते. म्हणून येथील नवशिक्याने सायकलीचा प्रकार ठरवताना आधी पायाखालची जमीन पाहावी.

या सायकलीचा उगम अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मरिन परगण्यात झाला. तेथील तरुण फुगीर टायरच्या जुन्या, जड सायकली डोंगरावरून खाली सोडत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी सुरू झालेल्या त्यांच्या शर्यतीला ‘रिपॅक’ हे नाव पडले. कारण उतारावर मागच्या चाकाच्या तुंब्यातील (मध्यभागातील) ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. १९७७ मध्ये त्यांच्यापैकीच ‘जो ब्रीझ’ नावाच्या सायकलपटूने खास या कामासाठी सांगाडे बनवले. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये क्रॉस-कंट्री (चढउताराच्या कच्च्या वाटांवरील लांब पल्ल्याच्या) माउंटन बाइक शर्यतीचा समावेश झाला.

प्रकार ओळखण्याची मुख्य खूण म्हणजे शॉकअप कोठे आहे आणि तो किती दबतो. शॉकअप नसलेली सायकल ‘रिजिड’, फक्त पुढे असलेली ‘हार्डटेल’ आणि दोन्हीकडे असलेली ‘फुल सस्पेन्शन’. आपल्याकडची दुकाने शेवटचीला ‘डबल शॉकअप’ म्हणतात. साधारणपणे क्रॉस-कंट्री सायकलीचा शॉकअप १०० ते १२० मिमी., अधिक खडबडीत वाटांसाठीच्या ट्रेल सायकलीचा १२० ते १५० मिमी. आणि केवळ उतारासाठीच्या डाउनहिल सायकलीचा २०० मिमी.च्या आसपास दबतो. हे अंतर जसे वाढते, तशी सायकल उतारावर निर्धास्त होते, पण सपाटीवर व चढावर जड पडते.

सोलापूरचे पठार बेसाल्ट खडकाचे असून ते सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते. वर्षातील बहुतेक महिने येथील वाटा कोरड्या, सैल मुरमाच्या आणि बारीक दगडगोट्यांच्या असतात. उंचावरून उडी घेण्याजोगे कडे नाहीत. तुळजापूरकडे जाताना बालाघाटचा घाट लागतो, पण तोही डांबरी रस्त्यानेच चढायचा. अशा ठिकाणी सुमारे १०० मिमी. शॉकअपची क्रॉस-कंट्री हार्डटेल नवशिक्याला पुरेशी, किंबहुना सर्वांत योग्य ठरते. स्वस्त डबल शॉकअप सायकलीचे आकर्षण मोठे असते, विशेषतः शाळकरी मुलांना. परंतु त्या किमतीत मागची स्प्रिंग फक्त वजन वाढवते आणि पायडलवर दिलेला जोर तिच्यातच मुरतो. हिप्परगा तलावापर्यंत जाऊन येईतो मांड्या भरून येतात आणि दोष मात्र स्वतःच्या दमाला दिला जातो.

पावसाळ्यात प्रश्न निराळा होतो. काळ्या मातीतील चिकणमाती पाण्याने फुगते, टायरला थरावर थर चिकटत जाते, चिमटा व टायर यांमधील फट भरते आणि चाक जाम होते. या चिखलातून जाड टायर सहज निघेल, हा समज चुकीचा आहे. जवळपास ४ इंच रुंद टायरची ‘फॅट बाइक’ बर्फ व वाळूसाठी निर्माण झाली; भीमेच्या वाळूत ती शोभेल, काळ्या रानात ती फक्त जास्त माती उचलते. २.१ ते २.२५ इंच रुंदीचा टायर आणि चिमट्यात बोटभर मोकळी जागा हे येथे उत्तम. पाऊस पडून गेल्यावर काळ्या रानातील वाट सोडून मुरमाच्या वाटेने जाणे त्याहून उत्तम.

काट्यांचा विचार खरेदीच्या वेळीच करावा. सराटा आणि वेडी बाभूळ यांमुळे साध्या ट्यूबचे पंक्चर ही येथील नित्याची बाब आहे. ट्यूबलेस होऊ शकणारी रिम घेतल्यास आत द्रव सीलंट भरता येते, जे काट्याने पडलेली बारीक छिद्रे आपोआप बुजवते. ४० अंशांपुढे जाणाऱ्या उन्हाळ्यात हे द्रव लवकर सुकते, त्यामुळे ते दोन-तीन महिन्यांनी तपासावे लागते. पंपही सोबत असू द्यावा: मुरमावर ३० पीएसआयच्या (हवेचा दाब मोजण्याचे एकक) आसपास हवा पकड देते, डांबरावर त्याहून अधिक लागते.

चाकाचा व्यास २७.५ वा २९ इंच असावा. २९ इंची चाक दगडगोट्यांवरून सहज पुढे सरकते, तर उंची कमी असलेल्यांना २७.५ इंची सायकल आवरायला सोपी जाते. २६ इंची चाके नव्या चांगल्या सायकलींत मागे पडली आहेत. ब्रेक डिस्कचे घ्यावेत. त्यांतही तारेवर चालणारे गावातील कोणताही कारागीर नीट करू शकतो, तेलावर चालणाऱ्यांना बोटांचा जोर कमी लागतो, पण दुरुस्तीसाठी जाणकार शोधावा लागतो.

नान्नजचे माळढोक अभयारण्य पाहून तेथील गवताळ माळावर सायकल घालण्याचा मोह होतो. परंतु ते संरक्षित क्षेत्र असल्याने वनखात्याच्या परवानगीविना आत जाऊ नये.

मापाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. सायकलीचा आडवा दांडा दोन्ही पायांमध्ये घेऊन, पाय जमिनीवर टेकवून उभे राहिल्यावर दांडा व शरीर यांत किमान चार बोटांचे अंतर राहावे. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील अशी सीटची उंची ठेवावी. वाढत्या वयाच्या मुलाला ‘पुढे चालेल’ म्हणून मोठ्या मापाची सायकल घेतली जाते, आणि सैल मुरमावर अचानक थांबताना पाय जमिनीला न पोचल्याने तो पडतो.