नव्या ट्रॉलीचे टायर काढून टाकायचे का?

रावेर-सावद्याकडे नवी ट्रॉली दारात उभी राहिली की कुणीतरी सांगतंच, "भाऊ, कंपनीचे टायर कच्चे असतात, आधी बदला." ऐकून अनेकजण कोरे टायर मातीमोल भावात देऊन टाकतात. जीव तुटतो हो.

सरसकट बदलायची गरज नसते. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले दिसतील. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. ट्रॉली नवी आणि टायर चार-पाच वर्षांपूर्वीचा निघाला, तर विक्रेत्याकडून तो बदलूनच घ्या. तिथेच एका टायरची भारक्षमताही असते. केळीनं भरलेली ट्रॉली एकदा वजनकाट्यावर न्या. वजन सगळ्या टायरांच्या मिळून क्षमतेत बसत नसेल तर मात्र जास्त क्षमतेचे टायर टाका; रिमला ते चालतात का, तेही विचारा.

टायर फुटतो तो बहुतेकदा कमी हवा नि जादा भारानं. हवा कमी असली की बाजूची भिंत दर फेऱ्याला दुमडते, आतून तापते. त्यात आपला भुसावळचा मे महिना! "उन्हाळ्यात हवा कमी ठेवा" हेही म्हणून चुकीचंच. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा.