लक्वान मॅकडोनाल्ड प्रकरण

अमेरिकेतील शिकागो शहरात २० ऑक्टोबर २०१४ च्या रात्री जेसन व्हॅन डाइक या गोऱ्या पोलीस अधिकाऱ्याने लक्वान मॅकडोनाल्ड या १७ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला गोळ्या घालून ठार केले. मुलगा कसा मेला यापेक्षा तो कसा मेला हे वर्षभर दडवले कसे गेले, याच प्रश्नावर पुढचे आंदोलन पेटले.

ट्रकच्या वाहनतळावर चोरी चालल्याची खबर पोलिसांना मिळाली होती. मुलाच्या हातात लहान चाकू होता आणि पोलीस गाडीचा टायर त्याने त्याच चाकूने फोडला होता. पोलीस अंतर राखून त्याच्या मागे होते, टेझर (विजेचा झटका देऊन माणसाला थोपवणारे साधन) येण्याची वाट पाहत होते. व्हॅन डाइकने गाडीतून उतरल्यावर काही सेकंदांतच गोळीबार सुरू केला आणि सुमारे १५ सेकंदांत १६ गोळ्या झाडल्या. जागेवर इतरही पोलीस होते, पण त्यांपैकी कुणीही गोळी झाडली नाही. मुलगा चाकू घेऊन अंगावर धावून आला, असे पोलीस संघटनेच्या प्रवक्त्याने त्याच रात्री सांगितले. हजर असलेल्या अनेक पोलिसांच्या जबाबांतही थोड्याफार फरकाने तेच उतरले आणि कागदोपत्री प्रकरण मिटले.

ते पुन्हा वर काढले पत्रकारांनी. जेमी कॅल्व्हेन यांनी शवविच्छेदनाचा अहवाल मिळवून फेब्रुवारी २०१५ मध्ये १६ गोळ्यांची हकिकत छापली. पोलीस गाडीतल्या कॅमेऱ्याचे चित्रीकरण मात्र शहर प्रशासन देईना. एप्रिलमध्ये महापौर राम इमॅन्युएल फेरनिवडणूक जिंकले आणि आठच दिवसांनी नगरसभेने मॅकडोनाल्ड कुटुंबाला ५० लाख डॉलर देण्याचा ठराव एकमताने मंजूर केला. कुटुंबाने तोवर दावासुद्धा लावलेला नव्हता. या तारखांकडे बोट दाखवून, चित्रीकरण निवडणुकीपर्यंत दाबून ठेवले का, असे लोक विचारत राहिले; त्याचे समाधानकारक उत्तर महापौरांना कधी देता आले नाही.

आपल्याकडच्या माहिती अधिकारासारखाच कायदा इलिनॉय राज्यात आहे. त्याच्या आधारे ब्रँडन स्मिथ हे मुक्त पत्रकार न्यायालयात गेले आणि जिंकले. २४ नोव्हेंबर २०१५ रोजी चित्रीकरण खुले झाले. त्यात आवाज नाही. मुलगा पोलिसांपासून तिरका दूर चाललेला दिसतो, गिरकी घेऊन कोसळतो आणि तो पडल्यानंतरही गोळ्या सुरूच राहतात. व्हॅन डाइकवर खुनाचा आरोप दाखल झाला तो याच दिवशी, घटनेला १३ महिने उलटून गेल्यावर.

‘सोळा गोळ्या आणि लपवाछपवी’ ही घोषणा शहरभर घुमू लागली. तीनच दिवसांनी, सणाच्या खरेदीच्या ऐन गर्दीत, निदर्शकांनी मिशिगन ॲव्हेन्यूवरील बड्या दुकानांची दारे अडवली. पुढच्याच आठवड्यात पोलीसप्रमुख गॅरी मॅकार्थी यांना महापौरांनी काढून टाकले. आरोप ठेवायला वर्ष लावणाऱ्या सरकारी वकील अनिता अल्वारेझ मार्च २०१६ मध्ये पक्षांतर्गत निवडणूक हरल्या. इमॅन्युएल यांनी तिसऱ्यांदा उभे न राहण्याचे ठरवले.

ऑक्टोबर २०१८ मध्ये ज्युरीने व्हॅन डाइकला दुसऱ्या श्रेणीच्या (पहिल्या श्रेणीपेक्षा सौम्य) खुनाबद्दल आणि गंभीर मारहाणीच्या १६ आरोपांबद्दल, म्हणजे प्रत्येक गोळीमागे एका आरोपाबद्दल, दोषी ठरवले. शिकागोत कामावर असताना केलेल्या हत्येबद्दल पोलीस दोषी ठरण्याची जवळजवळ ५० वर्षांतली ही पहिली वेळ होती. शिक्षा झाली पावणेसात वर्षांची. तीन वर्षांहून थोडा अधिक काळ तुरुंगात काढून, चांगल्या वर्तणुकीची सूट मिळवून, तो फेब्रुवारी २०२२ मध्ये बाहेर आला. संघराज्याच्या सरकारी वकिलांनी त्याच्यावर वेगळा खटला भरायला नकार दिला.

लपवाछपवीच्या आरोपाचे काय झाले, हा भाग अधिक बोलका आहे. खोटे अहवाल देण्याचा कट केल्याचा खटला तीन पोलिसांवर चालला. जानेवारी २०१९ मध्ये न्यायाधीशांनी तिघांनाही निर्दोष सोडले. जुलैमध्ये मात्र शहराच्या पोलीस मंडळाने या प्रकरणात चार पोलिसांना बडतर्फ केले. खटला चाललेले तिघे यांत नव्हते; गुन्हा कुणावर सिद्ध झाला नाही, पण या चौघांची नोकरी गेली.

या घटनेनंतर संघराज्याच्या न्याय खात्याने शिकागो पोलिसांची चौकशी केली. जानेवारी २०१७ च्या अहवालात, हे दल गरज नसताना बळ वापरते आणि त्याची झळ कृष्णवर्णीय व लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांच्या) वस्त्यांना जास्त बसते, असा निष्कर्ष निघाला. २०१९ पासून सुधारणांवर न्यायालयाची देखरेख आहे. त्याआधीच, २०१६ मध्ये, पोलिसी गोळीबाराचे चित्रीकरण साधारण ६० दिवसांत जाहीर करण्याचा नियम शहराने केला होता. तपासासाठी ही मुदत वाढवून मागता येते.