स्मरणार्थ बाक (कोकण)

स्मरणार्थ बाक म्हणजे दिवंगत माणसाच्या आठवणीसाठी सार्वजनिक जागी बसवलेला, त्याच्या नावाचा बाक. बोलीत ‘बाकडं’. कोकणात असे बाक नगरपरिषदांची उद्याने, किनाऱ्याकडे उतरणाऱ्या पाखाड्या (पायऱ्यांच्या वाटा), देवळांची आवारे, एस.टी.चे थांबे, जेटी आणि स्मशानभूमीची शेड अशा ठिकाणी दिसतात. देणारे बहुधा मुंबईकर चाकरमानी किंवा वाडीचे मुंबई मंडळ असते. त्यामुळे बाक मे महिन्याच्या सुट्टीत, गणपतीत नाहीतर शिमग्यात बसतो. वर्षश्राद्धाचा दिवस गाठण्याचीही पद्धत आहे.

प्रथा नवी, पण तिचे मूळ जुने. पूर्वी माणसाच्या नावाने विहीर खणत, वडा-पिंपळाला पार बांधत, पाणपोई घालत, देवळापुढे दीपमाळ उभारत. बाक ही त्याच दानाची आजची, खिशाला परवडणारी आवृत्ती. परदेशात मात्र व्यवहार निराळा असतो. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये १९८६ पासून देणगी घेऊन आधीच असलेल्या बाकावर पट्टी लावली जाते आणि त्या पैशातून उद्यानाची निगा राखली जाते. आपल्याकडे वस्तू देऊन टाकतात. निगेचे कोणी बोलत नाही. कोकणातील बहुतेक स्मरणार्थ बाकांची दुर्दशा येथूनच सुरू होते.

जागा कोणाची

आधी ठरवायचे ते जागेचा धनी कोण हे. उद्यान नगरपरिषदेचे असेल तर मुख्याधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. गावात ग्रामपंचायतीकडे अर्ज देऊन मासिक सभेचा ठराव घ्यावा. जेटीसाठी महाराष्ट्र सागरी मंडळ, किनाऱ्यावरील सुरूचे बन वनखात्याचे असल्यास वनखाते, रस्त्याकडेला सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा जिल्हा परिषद. सिंधुदुर्गातील अनेक देवळे पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे आहेत; तेथे समितीच्या कागदाइतकीच गावच्या मानकऱ्यांची संमती लागते. ती आधी घेतली नाही तर बाक बसतो, पण त्यावर गावचे कोणी बसत नाही.

किनाऱ्यालगत सीआरझेडची, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राची, २०१९ ची अधिसूचना लागू होते. ग्रामीण किनाऱ्यावर उच्चतम भरतीरेषेपासून साधारणपणे २०० मीटर, आणि दाट वस्तीच्या गावांत ५० मीटर, हा ना-विकास पट्टा असतो. पाया खणून केलेले पक्के काम त्यात अडचणीत येते. विजयदुर्ग, सिंधुदुर्ग यांसारख्या केंद्रीय संरक्षित किल्ल्यांपासून १०० मीटरच्या आत बांधकामाला बंदी आहे. त्यापुढील २०० मीटरांत परवानगी लागते. ‘एक बाकडे तर आहे’ हे उत्तर दोन्हीकडे चालत नाही.

अर्जाला जागेचे छायाचित्र, मापांचे रेखाटन आणि पाटीचा मजकूर जोडावा. ठरावात नेमकी जागा, मजकूर, निगा कोणी राखायची आणि बाक हलवायची वेळ आली तर कोणाला कळवायचे हे आलेच पाहिजे. सुशोभीकरणाचे काम निघाले की ठेकेदार जुने बाक उचलतो आणि पेव्हर ब्लॉक टाकून मोकळा होतो. ठरावाची प्रत हाती नसलेल्या कुटुंबाला मग विचारायलाही तोंड उरत नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात कोणाकोणाच्या स्मरणार्थ बांधलेल्या पिकअप शेड (एस.टी.ची वाट पाहण्याचे निवारे) अशाच गेल्या.

पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, बाक ठेवूच नये. पावसाळ्यात समुद्र वाळू ओढून नेतो, हिवाळ्यात परत आणतो. मधल्या काळात पाया उघडा पडतो. मर्यादवेल जिथपर्यंत पसरलेली असते तिच्या मागे, जमिनीच्या बाजूला जागा निवडावी. वेलीचे नाव उगाच पडलेले नाही. माडाखालची सावली मोहक दिसते, पण झावळ आणि नारळ बसणाऱ्याच्या डोक्यावर पडतात. ३ जून २०२० च्या निसर्ग आणि मे २०२१ च्या तौक्ते वादळांत माड-सुरू किती सहज आडवे होतात हे किनाऱ्याने पाहिले आहे. सावलीला उंडी, भेंड किंवा करंज बरा. वेळास, आंजर्ले अशा कासवांच्या किनाऱ्यांवर बाकासोबत दिवा देऊ नये. अंड्यांतून निघालेली पिल्ले उजेडाकडे वळतात आणि समुद्राची वाट चुकतात.

खारा वारा आणि पाऊस

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. उरलेले आठ महिने वाऱ्याबरोबर मीठ येते, पृष्ठभागावर बसते आणि हवेतला ओलावा धरून ठेवते. घाटावरच्या दुकानात बघून पसंत केलेला बाक येथे टिकत नाही तो यामुळे.

सर्वाधिक खपतो तो तयार सिमेंटचा बाक, आणि सर्वांत लवकर मोडतो तोही तोच. आयएस ४५६ : २००० या मानकाप्रमाणे किनारी हवेतील सळईच्या काँक्रीटला किमान एम-३० प्रत (काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा) आणि सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचे आच्छादन हवे. तयार बाकाची फळीच ५०-६० मिलिमीटर जाडीची असते, म्हणजे सळईच्या दोन्ही अंगांना मिळून जेमतेम एका अंगाला हवे तेवढेच आच्छादन येते. मीठ आत शिरते, सळई गंजते, गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो आणि खालच्या बाजूने पापुद्रे सुटतात. समुद्राची वाळू वापरली असेल तर मीठ पहिल्या दिवसापासून आतच असते.

त्यापेक्षा सळई नसलेला बाक करावा: जांभ्या चिऱ्यांचे तीन खांब आणि वर ग्रॅनाइटची फळी. खांबांखाली दीड फूट पाया, चिरे भिजवून १:६ सिमेंट-वाळूत जोडलेले, निदान सात दिवस पाणी मारलेले. जांभ्याला गिलावा करू नये. खाऱ्या हवेत तो फुगून सुटतो आणि उघडा चिरा दिसतोही छान. फळी ६ फूट लांब, दीड फूट रुंद, ४० मिलिमीटर जाड घ्यावी. तिचे वजन सुमारे ९० किलो भरते, म्हणजे उचलायला चार माणसे हवीत. स्वयंपाकघराच्या ओट्याची १८-२० मिलिमीटरची फळी स्वस्त पडते, पण तिच्यावर मुले उड्या मारतात आणि ती मध्येच तडकते. बसायची उंची ४२ ते ४५ सेंटिमीटर ठेवावी. म्हाताऱ्या माणसाला त्याहून खालून उठवत नाही. फळीला पुढच्या बाजूस किंचित उतार द्यावा, नाहीतर पाणी साचून शेवाळ धरते. कडप्पा टाळावा: तो चुनखडीचा दगड आहे, आणि शेवाळ काढायला कोणी ॲसिड ओतले की अक्षरांसकट खरवडला जातो.

लाकूड हवेच असेल तर सागवान किंवा ऐन, पाय जमिनीत न पुरता दगडावर टेकवलेले. पुरले की वाळवी आलीच. होड्यांना लावतात ते काजूच्या टरफलांचे तेल बाकाला लावू नये, त्याने कातडी भाजते. स्टीलच्या बाबतीत ‘चुंबक चिकटत नाही म्हणजे चांगले’ हा समज खोटा आहे. २०२ प्रतीलाही चुंबक चिकटत नाही, आणि ती किनाऱ्यावर लवकर गंजते. ३०४ वर तांबूस डाग येतात. मॉलिब्डेनम असलेली ३१६ टिकते. स्क्रूही त्याच प्रतीचे हवेत.

पाटी

पितळी पाटी चोरीला जाते, फ्लेक्सची उन्हाने फाटते, सोनेरी रंग काळवंडतो. ग्रॅनाइटमध्येच २-३ मिलिमीटर खोल कोरलेली अक्षरे सर्वांत भरवशाची; रंग उडाला तरी बोटाने वाचता येतात. अक्षर किमान २५ मिलिमीटर उंच असावे आणि दोन ओळींत मात्रा-उकारांना पुरेशी मोकळीक ठेवावी. कोरणाऱ्याकडे मजकूर जुन्या फाँटमधून गेला की रफार सरकतो आणि ‘स्मरणार्थ’चे ‘स्मरणाथर्’ होते. म्हणून कागदावर छापलेला नमुना घरातल्या दोघांनी वाचून सही केल्याशिवाय छिन्नी लावू देऊ नये. दगडावरची चूक मिटत नाही.

हिंदू कुटुंबे ‘कै.’ किंवा ‘स्व.’ लिहितात, बौद्ध ‘कालकथित’, मुसलमान ‘मर्हूम’. ‘दिवंगत’ सर्वांना चालते. ‘कै. श्री.’ असे दुहेरी लिहू नये. नाव, जन्म-मृत्यूची वर्षे आणि एक ओळ पुरे. देणाऱ्यांची नावे गेलेल्या माणसाच्या नावापेक्षा मोठी झाली की ती जाहिरात ठरते, आणि गाव तसे बोलूनही दाखवतो.

नाव कोरायची जागा हा नाजूक विषय आहे. बैठकीच्या पुढच्या कडेवर कोरले तर बसणाऱ्याचे पाय नावाला लागतात, बैठकीवर कोरले तर माणूस नावावरच बसतो. दोन्ही गोष्टी घरच्यांना खुपतात. पाठीच्या फळीची वरची कड किंवा बाजूच्या खांबाची बाहेरची बाजू योग्य.

झाड लावायचे असल्यास

बाकाऐवजी किंवा बाकाशेजारी झाड लावण्याची पद्धत वाढत आहे. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा मे महिन्यात खणून तापू द्यावा आणि पाऊस स्थिरावल्यावर रोप लावावे. कातळावर नुसता खड्डा काढला तर त्यात पाणी तुंबून मुळे कुजतात. पाण्याला बाजूने वाट काढून द्यावी लागते. काही कुटुंबे खड्ड्यात रक्षा मिसळतात. कोकणची माती आम्ल असल्याने मूठभर चालते. सगळी ओतली तर क्षाराने कोवळी मुळे जळतात. भाताची कापणी झाली की गुरे मोकाट सुटतात, म्हणून रोपाभोवती चिऱ्यांचा गडगा (बुटकी भिंत) घालावा. नोव्हेंबर ते मे पाणी कोण घालणार याचे नाव लावण्याआधी ठरवावे, कारण मुंबईहून ते घालता येत नाही. पाटी खोडाला खिळ्याने ठोकू नये. झाड वाढते आणि ती गिळते. गडग्यात बसवावी.

निगा

ऑक्टोबरात, पाऊस सरल्यावर, काथ्याचा ब्रश आणि साध्या पाण्याने शेवाळ काढावे. ब्लीचिंग पावडर स्टीलला खाते. सांधे तपासून भरावेत आणि अक्षरांत रंग भरायचा तर तो दगड पूर्ण वाळल्यावर, डिसेंबरानंतर. हे काम वाडीतल्या एखाद्याला वार्षिक मोबदला ठरवून द्यावे. भावकीवर सोडले तर पहिल्या दोन वर्षांनंतर होत नाही. बाक मोडलाच तर कोरलेला तुकडा कापून कुटुंबाकडे परत द्यावा आणि नवा बाक करताना तोच खांबात बसवावा.