ढालकिडा आणि पाकट: शिवारातला एक, बाजारातला एक

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या सीमाभागाला समुद्र नाही. पाकट, म्हणजे स्टिंगरे मासा, इथे भेटतो तो मासळी बाजारात, गोवा, मालवण किंवा कारवारहून आलेल्या बर्फाच्या पेटीत. ढालकिडा, म्हणजे लेडीबर्ड, मात्र बांधावरचाच. ज्वारीवर, करडईवर मावा पडला की हाही हजर.

गंमत अशी की दोघांची शास्त्रीय नोंद एकाच पुस्तकातली. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियसने आपल्या ‘सिस्टिमा नॅचुरे’ या ग्रंथाच्या १७५८ च्या आवृत्तीत सात ठिपक्यांचा ढालकिडा भुंगेऱ्यांमध्ये घातला, तो आजही तिथेच आहे. पाकटाला मात्र त्याने माशांत धरलंच नाही. बेडूक आणि साप ज्या उभयचर वर्गात होते, त्यातच ढकललं. पुढे शार्कसोबत त्याची जागा कूर्चामीनांत, म्हणजे हाडांऐवजी कूर्चेचा सांगाडा असलेल्या माशांत ठरली. घोळ तिथेही संपला नाही. २०१६ मध्ये पाकटांच्या कुळाची मोठी फेरमांडणी झाली आणि कित्येक जातींची नावं बदलली.

ढालकिड्याचा इतिहास घडला तो शेतीत. कॅलिफोर्नियातल्या संत्रा-लिंबाच्या बागा खवलेकिडीने खाल्ल्या, तेव्हा १८८८ मध्ये ऑस्ट्रेलियातून एक ढालकिडा आणून सोडला आणि बागा वाचल्या. दहा वर्षांनी, १८९८ मध्ये, त्याचा भाऊबंद क्रिप्टोलीमस भारतात आणला गेला, कॉफीवरच्या हिरव्या खवलेकिडीसाठी. त्या किडीपुढे त्याचं फारसं चाललं नाही. पण तो इथे रुजला आणि पिठ्या ढेकणाचा शत्रू म्हणून नावाजला. कुळातले सगळेच मित्र नाहीत म्हणा. वांग्याच्या पानांची जाळी करणारा अठ्ठावीस ठिपक्यांचा किडाही याच घरातला.

२००२ साली सांगलीकडून उसावरचा लोकरी मावा बेळगाव जिल्ह्यात शिरला, तेव्हा मित्रकीटक हा शब्द ऊसकऱ्यांच्या बोलण्यात आला. त्या लढाईचं मुख्य श्रेय डिफा आणि मायक्रोमस या कीटकांना जातं, ढालकिड्याचा वाटा लहानच. अडचण त्याच्या अळीची आहे. ती मगरीच्या पिल्लासारखी दिसते, करड्या अंगावर नारिंगी ठिपके. तिलाच कीड समजून फवारणी होते.

पाकटाच्या बाबतीत प्रश्न जननाचा. ढालकिड्याची मादी शेकड्यांनी अंडी घालते. पाकट उशिरा वयात येतो आणि मोजकीच जिवंत पिल्लं देतो. मासेमारी वाढली की तूट भरून निघत नाही. भारतात जुलै २००१ मध्ये सगळे शार्क आणि पाकट वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत टाकले. मच्छीमारांनी ओरड केल्यावर त्याच डिसेंबरात यादी मोजक्या जातींवर आली. गंगेतला पाकट तिच्यात राहिला. जावा बेटाजवळचा एक लहान पाकट १८६२ मध्ये जाकार्ताच्या मासळी बाजारात मिळाला होता, तोही एकच नमुना. डिसेंबर २०२३ मध्ये तो नामशेष जाहीर झाला.

शेतातल्या नेहमीच्या ढालकिड्यांना कायद्याचं असं कवच नाही. त्यांचं रक्षण फवारणीच्या वेळापत्रकावर आहे. अथणीसारख्या द्राक्षपट्ट्यात क्रिप्टोलीमस सोडायचा तर जहाल कीटकनाशक बंद ठेवावं लागतं, आणि घडावर पिठ्या ढेकूण दिसत असताना पंप खाली ठेवायला छाती लागते.