पार्श्वभूमी : ‘जसे आले तसे’ची गोष्ट

सकाळी साडेसहाला गुळण्यांचे फायदे, पावणेसातला नवरा-बायकोचा विनोद. आरोग्य आणि करमणूक यांची ही जोडी व्हॉट्सअ‍ॅपने जमवलेली नाही. १३ मार्च १९९५ रोजी अंधेरीतल्या एका बागेत पाच जण जमले आणि तब्येतीसाठी एकमेकांना विनोद सांगू लागले. पुढे जगभर पसरलेल्या हास्यक्लबची ती सुरुवात. पंधरवड्यात बरे विनोद संपले, चावट आणि टोचणारे उरले, कुरबुरी सुरू झाल्या. तेव्हा विनोद सोडून नुसतेच हसायचे ठरले. ग्रुपवर ही सोय अजून कोणी केलेली नाही.

त्याआधीची संतोषीमातेची ‘एवढ्या प्रती लिहून पाठवा’ छापाची पोस्टकार्डे सगळ्यांना आठवत असतीलच. ईमेल आले आणि प्रती लिहिण्याचे कष्ट वाचले. आजही फिरणारा ‘झटका आला तर खोका’ हा संदेश त्या काळातला, १९९९च्या सुमाराचा. तुम्ही गाडीत एकटे आहात, छातीत कळ आली, तर जोरजोरात खोकत राहा, असा सल्ला. मूळ गोष्ट पूर्ण खोटी नाही, म्हणून तर ती मरत नाही. अँजिओग्राफीच्या टेबलावर हृदयाची लय अचानक बिघडली तर डॉक्टर शुद्धीवरच्या रुग्णाला खोकायला सांगतात. छातीतला दाब वाढतो आणि काही सेकंद मेंदूला रक्त मिळत राहते. पण तिथे मॉनिटर चालू असतो आणि शॉक द्यायचे यंत्र हाताशी असते. संदेशातून टेबल, मॉनिटर, डॉक्टर सगळे गळले आणि खोकला तेवढा राहिला. ज्या इस्पितळाच्या नावावर तो फिरत होता त्यानेही हात झटकले. तो खुलासा काही कोणी फॉरवर्ड केला नाही.

आता ‘साभार’ या शब्दाकडे यावे लागते. छापील मासिकांच्या काळात ‘साभार’च्या पुढेमागे कुणाचे तरी नाव असे. संपादकाकडून लेख परत आला की त्यावरही ‘साभार परत’, म्हणजे नकारालाही पत्ता होता. फोनवर ‘साभार’ एकटाच उरला. कोणाचे आभार, ते लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसते. ‘संकलित’चे तेच. ‘जसे आले तसे पाठवत आहे’ने तर कमाल केली: मी पाठवले, पण मी म्हटले नाही. माझ्या मते सारी गोम या एका वाक्यात आहे. पुढे व्हॉट्सअ‍ॅप कंपनीने जे केले, ते हेच वाक्य यंत्राकडून लिहून घेणे होते.

त्याला निमित्त भयंकर घडले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी समजून, भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. देशभर अशाच अफवांतून बळी जात होते. सरकारने कंपनीला खडसावले. त्याच महिन्यात संदेशावर ‘फॉरवर्डेड’ची पट्टी आली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे ढकलण्याची मर्यादा जाहीर झाली. जानेवारी २०१९मध्ये ती जगभर गेली. संदेश मुळात कोणी लिहिला ते शोधून द्या, ही सरकारची मागणी मात्र कंपनीने गोपनीयतेचे कारण देत मानली नाही, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. पट्टीचा हिशेब फक्त प्रवासाचा. विनोद असो की मधुमेहाचा काढा, शिक्का एकच.

२०२०च्या सुरुवातीला ‘चिकनमधून कोरोना होतो’ची लाट आली. महाराष्ट्रातले पोल्ट्रीवाले पार झोपले. एप्रिलमध्ये कंपनीने नियम आणखी आवळला: पाच किंवा जास्त हातांतून आलेला, दोन बाणांची खूण असलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल. असे संदेश ७० टक्क्यांनी घटल्याचे तिनेच नंतर सांगितले. घटले असतील. पण मजकुरावर बोट दाबून धरा, कॉपी करा, नव्याने चिकटवा, की बाण गायब. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात खोकल्याचा संदेश पुन्हा आला. एकही बाण नव्हता. खाली हात जोडल्याची तीन चित्रे आणि ‘साभार’.