फाइलमार्ग, पूर्वनियोजित (विम संपादक)

वापरकर्त्याने काही सांगितले नसताना मजकूर-संपादक आपली मांडणी-फाइल (वापरकर्त्याच्या आवडीनिवडी नोंदवणारी), मदतीची पाने व तात्पुरत्या फाइली ज्या ठिकाणी शोधतो, ते ठरीव मार्ग. संपादक एका ऑपरेटिंग सिस्टीमवरून दुसरीवर नेताना मजकूर हाताळणारा भाग बहुधा तसाच राहतो. हे मार्ग मात्र नव्याने ठरवावे लागतात. विम हे त्याचे दीर्घ इतिहास असलेले उदाहरण. ब्राम मोलेनार यांनी स्टीव्ही या संपादकाच्या आधाराने तो अमिगा संगणकासाठी लिहिला. आरंभवर्ष काही ठिकाणी १९८८ दिले जाते, पण ते काम हाती घेतल्याचे वर्ष होय. सार्वजनिक प्रकाशनाचे १९९१ हेच वर्ष धरणे बरे. युनिक्सवर तो १९९२ मध्ये आला.

युनिक्सवर मांडणी-फाइलीचे नाव ‘.विमआरसी’, तर डॉस व विंडोजवर ‘_विमआरसी’. टिंबाने सुरू होणारे नाव यादीत न दाखवण्याची युनिक्सची रीत हेतूपेक्षा अपघाताने आली, असे युनिक्सवर काम केलेले संगणकतज्ज्ञ रॉब पाइक यांचे म्हणणे आहे : चालू व वरची डिरेक्टरी दाखवणाऱ्या ‘.’ आणि ‘..’ या नोंदी वगळण्यासाठी केवळ पहिले अक्षर तपासले गेले. डॉसमध्ये नावाला आठ व विस्ताराला तीन अक्षरे, आणि टिंब हे त्या दोहोंमधले. ते आरंभी चालत नसे, म्हणून अधोरेषा. लांब नावे आल्यावर हे कारण उरले नाही, नाव मात्र उरले. आता एक नाव न सापडल्यास विम दुसरे शोधतो. युनिक्सवरची ‘.विम’ डिरेक्टरी विंडोजवर ‘विमफाइल्स’ होते.

मार्गातील तिरक्या रेघेचा उगम वादग्रस्त आहे. डॉसमध्ये उपडिरेक्टरी आल्या त्या २.० आवृत्तीत, १९८३ मध्ये. तोवर ‘/’ हे चिन्ह आज्ञांच्या पर्यायांसाठी अडकलेले होते, म्हणून मार्गासाठी ‘\’ घेतले गेले, इतके सर्वमान्य आहे. पर्यायांची ही रीत सीपी/एम या डॉसपूर्व ऑपरेटिंग सिस्टीमकडून आली असे पुष्कळदा लिहिले जाते. परंतु सीपी/एमची फाइल-नकल करणारी आज्ञा ‘पिप’ पर्याय चौकटी कंसात घेई. ‘/’ दिसते ते डीईसी कंपनीच्या सिस्टीमवर आणि त्या वळणाने गेलेल्या मायक्रोसॉफ्टच्या एल८० (प्रोग्रामचे भाग जोडणारा लिंकर) सारख्या साधनांत. त्यामुळे डीईसीचा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. व्यवहारात महत्त्वाचे हे की डॉसचा गाभा दोन्ही रेघा स्वीकारत असे, अडचण होती ती आज्ञा-दुभाष्याची, म्हणजे टंकलेल्या आज्ञा वाचणाऱ्या प्रोग्रामाची. म्हणूनच ‘/’ वापरून लिहिलेली मांडणी-फाइल विंडोजवरही बहुतेक चालते. ‘शेलस्लॅश’ हा पर्याय विम स्वतः मार्ग लिहून देताना कोणती रेघ वापरील एवढेच ठरवतो.

मदतीच्या पानांचा मूळ पत्ता ‘विम’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (सिस्टीमने प्रोग्रामाला पुरवलेल्या नामांकित मूल्यातून) मिळतो. तो दिलेला नसेल तर युनिक्सवर प्रोग्राम संकलित (कंपाइल) करताना त्यात कोरलेला मार्ग घेतात, सामान्यतः ‘/यूएसआर/लोकल’खालचा. विंडोजवर विमची प्रोग्राम-फाइल (एक्झिक्युटेबल) जिथे आहे त्याच फोल्डरवरून अंदाज बांधला जातो. त्यामुळे तिथे सगळे फोल्डर कोणत्याही ड्राइव्हवर हलवता येते. वापरकर्त्याची स्वतःची डिरेक्टरी सांगणारे ‘होम’ हे व्हेरिएबल ठरलेले नसेल तर विंडोजवर वापरकर्त्याच्या प्रोफाइलचा मार्ग घेतात. त्या मार्गात देवनागरी नाव आले तर जुन्या प्रोग्रामांची अडचण होते, कारण असे प्रोग्राम ज्यावर विसंबतात ते सिस्टीमचे आठ-बिटी कोडपृष्ठ (अक्षरांना अंक नेमून देणारा तक्ता) विंडोजवर देवनागरीसाठी कधी नव्हतेच. युनिकोड न जाणणाऱ्या प्रोग्रामाला अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे मिळतात.

स्वॅप-फाइल, म्हणजे न साठवलेले बदल सांभाळणारी तात्पुरती फाइल, सर्वत्र प्रथम संपादित फाइलीशेजारीच ठेवण्याचा प्रयत्न होतो. तिथे जमले नाही तर युनिक्सवर ‘टीएमपी’, विंडोजवर ‘टेम्प’, अमिगावर ‘टी:’.

विमपासून निघालेल्या निओविम या संपादकाने एक्सडीजी संकेत (वापरकर्त्याच्या फाइली कोणत्या डिरेक्टरीत ठेवाव्यात याचे नियम) स्वीकारून मांडणी ‘.कॉन्फिग’खाली नेली. विममध्ये ती सोय २०२४ मध्ये, ९.१ च्या दुरुस्त्यांतून आली, तीही जुन्या जागी फाइल नसेल तरच. अमिगावर ‘एस:’ व ‘होम:’ या जागा पाहिल्या जातात, हायकू या ऑपरेटिंग सिस्टीमवर ‘कॉन्फिग/सेटिंग्ज/विम’.